निंबाखालचं ग्रहण

सूर्यग्रहण येणार असं कळलं आणि माझं कशातच लक्ष लागेना. साठचं दशक निम्मं सरलं होतं. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते, आणि हे ग्रहण साधंसुधं नव्हतं, कंकणाकृती होतं. सूर्याची नुसती बांगडी उरणार होती. ती दिसणार होती पार उत्तरेला, हिमालयाच्या पायथ्याशी. नागपूरच्या वाट्याला सूर्याचा एक लचका तेवढा येणार होता. मला तोही चालणार होता.

वर्गातला धडा मी आधी वडिलांवर करून पाहिला. ते कापडाच्या मिलमध्ये कामाला होते. सक्करदऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो. आई जाऊन चार वर्षं झाली होती. फळीवर कंदील पेटवून ठेवला, त्यांच्या हातात नाणं दिलं आणि एक डोळा मिटायला सांगितलं. नाणं डोळ्याजवळ धरलं की कंदिलाची काच पार झाकली जाई. हात लांब केला की नाणं अपुरं पडे आणि भोवतीनं उजेड दिसे. चंद्राचंही तसंच, मी म्हटलं. त्याची वाट अगदी गोल नाही. तो कधी आपल्या जवळ येतो, कधी लांब जातो. लांब असताना सूर्याच्या बरोबर आड आला, तर सूर्य झाकायला तो पुरत नाही. त्याच्या दाट सावलीचं टोक जमिनीपर्यंत पोचतच नाही, आणि आपल्याला कडं दिसतं.

“मंग दर अमुशेले काहून नाई होत?” वडिलांनी विचारलं.

“त्याची वाट तिरपी हाये न, बाबा. बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून नाई तर खालून निघून जाते.”

दोन इयत्ता शिकलेला माणूस, पण प्रश्न असा नेमका विचारायचा की वर्गातल्या मुली त्याच्यापुढे फिक्या पडायच्या. मी लगेच पुढचं बोलून घेतलं, “त्या दिवशी अंगणात याल न?” त्यांनी नाणं माझ्या हातावर ठेवलं आणि ते हात धुवायला निघून गेले.

ते का टाळतात हे मला माहीत होतं, म्हणूनच जास्त चीड आली. मौद्याकडच्या त्यांच्या गावात ग्रहण सुटू लागलं की आमच्या लोकांनी टोपली घेऊन दारोदार फिरायचं आणि ओरडायचं, ‘दे दान, सुटे गिरान!’ मग वरून, हात न लागू देता, टोपलीत ज्वारी पडायची, फाटकी लुगडी पडायची. आमच्या पदरात दान पडलं की देणाऱ्यांचं ग्रहण सुटायचं. लहानपणी, सातव्या वर्षापासून, वडील त्यांच्या आत्यासोबत असे फिरले होते. छप्पन साली सगळ्यांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ते फिरणं कायमचं बंद झालं. पण तेव्हापासून ग्रहण आलं की ते रजा टाकत आणि दार लावून बसत. बाहेर दिसलो तर कोणाला जुनं आठवेल, ही धास्ती.

मला एवढंच पाहिजे होतं, की एका ग्रहणात तरी माझ्या बापानं रिकाम्या हातानं उघड्यावर उभं राहावं. आकाशातल्या बांगडीपेक्षा मला हेच जास्त हवं होतं, हे आता कबूल करते.

शाळेनं ग्रहण सुटेपर्यंत सुट्टी जाहीर केली. विज्ञानाची बाई असून मला एकही मुलगी ग्रहण दाखवायला मिळणार नव्हती. तो राग मी आदल्या संध्याकाळी घरी काढला. “लपून बसता, म्हणून लोकायले वाटते आपलं काही चुकलं,” असं बोलून गेले. ते जेवण अर्धंच टाकून उठले.

सकाळी मी सूर्याचं बिंब जमिनीवर पाडायला भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन अंगणात गेले. आळीतलं एकही दार उघडं नव्हतं. शेजारच्या काकू सावनेरकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या सुनेला आठवा महिना होता. तिला आतल्या खोलीत सरळ झोपवून खिडकीला घोंगडी लावली होती. ऊन पिवळट, कमजोर झालं होतं. मी पुठ्ठा इकडे धरत होते, तिकडे धरत होते. पण डोळा सारखा आमच्या दाराकडे जात होता.

“पुठ्ठा कायले पाह्यजे? खाली पाह्य न.”

वडील दारात उभे होते. मग पायरी उतरले आणि अंगणातल्या निंबाखाली येऊन थांबले. पानांच्या फटींतून पडलेला उन्हाचा एकेक ठिपका चंद्रकोरीसारखा झाला होता. अख्खं अंगण कोरींनी भरलं होतं.

“आमची मान खालीच राहे,” ते म्हणाले. “मी गिरान नेहमी जमिनीवरच पाह्यलं.”

मी पुस्तकांतून शिकलेलं त्यांना सातव्या वर्षीच दिसलं होतं. मला आनंद झाला आणि रडूही आलं.

तेवढ्यात काकूंचं दार उघडलं. हातात सूप, सुपात ज्वारी आणि एक जुनं धोतर. मी तापानं फणफणले तेव्हा पेज आणून देणारी ही बाई. तिचा चेहरा भीतीनं उतरला होता.

“भाऊ, यंदा कोनीच मांगाले आलं नाई,” त्या वडिलांना म्हणाल्या. “पोरगी पहिलटकरीन हाये. तुमीच घेऊन टाका न.”

मी ताडकन पुढे झाले. वडिलांनी माझं मनगट पकडलं.

“सूप खाली ठेवा, बाई,” ते म्हणाले. “आन इकडं या. हे पाहा.”

काकू कोरींवर पाय न देता, अंग चोरून आल्या. आम्ही तिघं खाली पाहत उभे राहिलो. कोरी फुगत चालल्या होत्या.

“सुटून राह्यलं,” वडील म्हणाले. “कोनी काई देल्लं नाई, कोनी काई घेतलं नाई. सूनबाईले सांगा, घाबरू नोको म्हना.”

काकूंनी बराच वेळ पाहिलं. मग सूप उचललं आणि सुनेला हाका मारत आत गेल्या.

वडील निंबाच्या बुंध्याशी उकिडवे बसले. ठिपके पुरते गोल होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि पुठ्ठा खाली ठेवून मी त्यांच्याशेजारी बसले.

“न वरडता सुटतानी मी आज पयल्यांदा पाह्यलं,” ते म्हणाले. “आत्याचा आवाज बसे. रक्त पडे घशातून. तिले कोनी सांगतलं काहून नाई वं?”