‘पुन्हा सांगा’चं बटण

राजूरला गणपतीच्या रस्त्यावर, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार सालानंतरचे दिवस. क्लास माझ्या वर्गमित्राचा, आणि दहावीचं गणित पहिल्यापासून माझं. मग हसनाबादहून एक नवीन मॅडम शिकवायला आल्या आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. वयानं माझ्या निम्म्या. त्यांचा तास संपला तरी पोरं त्यांच्याभोवती घुटमळायची. माझा तास संपला की जिन्यावरून अशी धूम ठोकायची की खालचा दुकानदार बाहेर येऊन वर बघायचा.

त्याच सुमारास मित्राच्या डोक्यात आलं, की दहावीच्या पोरांना गणित समजावून सांगणारा प्रोग्राम औरंगाबादच्या एका माणसाकडून करून घ्यायचा. नंतर बदल करायला तो काही परत यायचा नाही, म्हणून सगळं आधीच ठरवून द्यायचं होतं. अडलं एकाच गोष्टीवर: पोराला गणित कळलं नाही तर त्यानं काय करायचं? माझं म्हणणं सरळ होतं. शेवटी ‘समजलं का?’ असं विचारायचं, खाली ‘हो’ आणि ‘नाही’. ‘नाही’ दाबलं की सरांच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव येईल आणि सर जाऊन समजावतील. मॅडमचं म्हणणं, एकच बटण ठेवायचं, ‘पुन्हा सांगा’. दाबलं की तेच गणित आणखी सोपं होऊन समोर येईल. कुणाला काही कळवायचं नाही.

“मंग सर कशाला पाह्यजेत?” मी विचारलं.

“दोन्ही करून बघू की सर,” मॅडम म्हणाल्या. त्यांचं हे गोड बोलणं तर मला फारच खुपायचं.

मित्रानं सांगून टाकलं, “ज्याचं बटण पोरं बराबर वापरतील, त्यानं प्रोग्राम करून घ्यायचा. अन् दहावीबी त्यानंच संभाळायची.”

माझी दहावी! अंगाचा तिळपापड झाला, तरी मी हसलो.

लोडशेडिंगमुळं कॉम्प्युटर अर्धा दिवस झाकलेलेच असायचे. मॅडमनी टीव्हीचा रिकामा खोका आणला, त्याला पडद्याएवढी खिडकी कापली आणि बटर पेपरवर स्केचपेननं एकेक पडदा काढला. खोक्याच्या मागं बसायचं, मध्ये चादर बांधलेली. पोरानं कागदावर बोट टेकवलं की मागून बोटाची सावली दिसायची. ज्या बटणावर सावली पडेल, त्याप्रमाणे पुढचा कागद सरकवायचा. पोराला आपण दिसत नाही, आपल्याला पोरगं दिसत नाही. हे मला का सुचलं नाही म्हणून मी घरी धड जेवलो नाही.

चतुर्थीची गर्दी सरल्यावर एका रविवारी पोरं बोलावली. आधी माझं बटण. मी मागं बसलो. एकजात सगळ्यांनी ‘हो’ दाबलं; एकानं तर कागद पूर्ण सरकायच्या आधीच. मी खूष. मग मित्रानं तसंच गणित वहीत सोडवायला दिलं, तर बहुतेकांची पानं कोरी.

“वर्गात समजलं का विचारल्यावर आपण तरी कधी न्हाई म्हणलो का रे?” मित्र म्हणाला.

मग मॅडम मागं बसल्या. पोरं एकेक करून येऊ लागली आणि बटण दाबत सुटली. कागद सरकवता सरकवता मॅडमची दमछाक झाली. “अजून दाबूनच राह्यले!” मित्र हसून म्हणाला. मी दाराशी उभा राहून जळत होतो.

माझी मुलगी दहावीत होती. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. वर्गसमीकरणं मी तिला रोज संध्याकाळी घरी शिकवायचो आणि रोज ती म्हणायची, “समजलं, पप्पा.” ती एकदाही बटण दाबणार नाही, याची मला खात्री होती.

तिनं दाबलं. अवयव कसे पाडायचे ते आलं. पुन्हा दाबलं. कंस कसा सोडवायचा ते आलं. पुन्हा दाबलं. शेवटचा कागद आला, वजा गुणिले वजा अधिक का होतं याचा. ती ओठ हलवत तो वाचत राहिली आणि एकदम हसली. माझ्यासमोर गणित करताना ती कधी अशी हसली नव्हती. मग माझ्याकडे न बघता चप्पल घालून खाली गेली.

दहावी हातची गेली हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. पोरीनं इतकी वर्षं माझ्यापासून जे लपवलं, ते त्या बाईच्या खोक्याला सांगितलं. एवढा हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

“मॅडमचंच घ्यायचं, बिलकुल पक्कं,” असं म्हणून मित्र चहा सांगायला गेला. मॅडम चादरीमागून बाहेर आल्या आणि कागद गोळा करू लागल्या.

“सर, शेवटचा कागद मी उगंच करून ठेवल्ता. कोणी तिथवर गेलंच न्हाई. फक्त शेवटी आल्ती ना, बांगड्या वाजल्या म्हणून मी पोरगी म्हणते, ती पार तिथवर गेली.” त्यांनी तो कागद उजेडाकडे धरला. “घरी कुणी शिकवणारं नसंल बिचारीला.”

“नसंल,” मी म्हणालो.