म्हसोबाला बॉयलर चालतो का?

आमच्या घरी एक कोंबडा आहे. अंगानं तांबडा, मानेला सोनेरी पिसं, शेपूट काळी आणि स्वभाव पोलीस पाटलाचा. तो देवाच्या नावाचा होता, म्हणजे कापायचा होता, आणि मला तो कापायचा नव्हता. पुढचा सगळा तमाशा ह्यातूनच झाला, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मला मुतखडा झाला होता. मी जमिनीवर लोळायचो आणि बायको उशाशी बसून म्हसोबाला म्हणायची, "माझ्या मालकाचा खडा पडू दे, तुला कोंबडा देईन." खडा पडला. मी म्हणालो, कुळथाच्या पाण्यानं पडला. ती म्हणाली, म्हसोबानं पाडला. भांडण झालं, त्यात ती जिंकली. मग तिनं एक पिल्लू देवाच्या नावानं बाजूला काढलं आणि वाढवायला घेतलं. पण तिचा मुहूर्तच निघेना. कधी म्हणायची थंडी लई हाय, कधी म्हणायची अजून अंगात भरला न्हाई. कोंबडा भरून उतू जायला लागला तरी हिचं आपलं तेच. आणि मग तीच गेली. सकाळी कोंबड्यांना ज्वारी टाकली, दुपारी छातीत दुखतंय म्हणाली, संध्याकाळी नगरहून आम्ही तिला परत आणली ती तशीच.

बाकीच्या कोंबड्या काही मुंगसानं नेल्या, काही मी वाटून टाकल्या. हा राहिला. त्याचं माझं पटत नाही. मी ज्वारी टाकली की आधी माझ्या मागं बघतो, ती येतेय का म्हणून. ती आली नाही की माझ्या पायाला चोच मारतो. मी त्याला शिव्या देतो. घरात दिवसभर बोलणं होतं ते एवढंच.

वर्ष झालं तशी मेव्हणी दारात येऊन उभी राहिली. बायकोची धाकटी बहीण, गावातच दिलेली.

"दाजी, ताईचं वर्ष झालं. नवस तसाच लोंबकाळतोय. तिनं देवाला शब्द दिल्ता. तो डोक्यावर घिऊन ती कशी सुटायची?"

"बघू की."

"बघायचं काय? कोंबडा घरात हाय, म्हसोबा शेतात हाय. रविवारी उरकून टाका."

तिचं खोटं नव्हतं. बायकोचा शब्द अडकून राहावा असं मला तरी कुठं वाटत होतं? पण ह्या कोंबड्याच्या मानेवर सुरी ठेवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. म्हणून मी राहुरीला गेलो. म्हटलं, देवाला कोंबडा पाहिजे ना, दुसरा देऊ.

दुकानदारानं गावरानचा भाव सांगितला. मी विचारलं, "कोंबड्याचा सांगतो का बोकडाचा?" तो म्हणाला, मग बॉयलर घ्या. बॉयलर परवडत होता.

"सोलून देऊ का कातड्यासकट?"

"जित्ता दे."

"जित्ता? काय करता, बाबा?"

"देवाला द्यायचाय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "द्या. पन उचलून न्या. ह्यो चालत यायचा न्हाई."

पिशवीतून मुंडी बाहेर काढून मी त्याला एसटीत मांडीवर घेतला, तर तो झोपला. गावरान असता तर पिशवी फाडून कंडक्टरच्या डोक्यावर बसला असता.

घरी अंगणात सोडला. आमचा कोंबडा मान फुगवून लढायला आला, त्याच्याभोवती एक चक्कर मारली, आणि इथं लढायला कोणी आहे की नाही हेच त्याला कळेना, म्हणून निघून गेला. बॉयलर तसाच बसून. छाती एवढी की पाय खाली फाकलेले. आणि तोंड उघडलं तर चिवचिव! एवढा थोरला देह आणि आवाज अंड्यातून निघालेल्या पिलाचा. महिना-सव्वा महिन्याचं लेकरू होतं ते. मी आजवर बॉयलर खाल्ला तो वाटीत. असा समोर बसून माझ्याकडं बघताना पहिल्यांदाच बघितला. बघवेना.

रविवारी सकाळी नगरच्या सावेडीहून मुलगी आली. स्कुटीवरून उतरली ती बॉयलरला बघूनच ओरडली.

"अप्पा, हा कशाला आणला? ह्यांना कसं वाढवतात माहितीये का? हलायलासुद्धा जागा नसते."

"मग तू काय खातीस?"

तिनं पिशवीतून मॉलमधलं गार पाकीट काढलं. वर हिरव्या गवतात हिंडणाऱ्या कोंबडीचं चित्र. "हे बघा. मोकळ्यावर वाढवलेली."

"मंग?"

"मग म्हणून महाग असते."

"ही हिंडली ह्याचे पैशे घेत्यात?"

"हो."

"तुझ्या आईच्या कोंबड्या शेजारनीच्या चुलीपोत्तर हिंडायच्या. तिनं पैशे न्हाई दिले कधी, शिव्या दिल्या."

ती हसली. मग खाली बघून म्हणाली, "दर वेळी नाही परवडत. एरवी आमच्याकडंही बॉयलरच असतो."

"तवा त्याला हलायला जागा आसती व्हय?"

"पोरं मागतात, अप्पा. काय करू?"

मी तरी बॉयलर कशाला आणला होता? ती हळूच म्हणाली, "आईचा कोंबडा नका कापू. हे पाकीट घ्या नैवेद्याला."

आमचा म्हसोबा बांधावर बाभळीखाली आहे. शेंदूर फासलेला दगड. तिथली रीत अशी की भगत कोंबड्याच्या अंगावर पाणी शिंपडतो. कोंबड्यानं अंग झाडलं तर देवानं घेतला. नाही झाडलं तर सुरीला हात लावायचा नाही.

भगतानं बॉयलरकडं बघितलं. "अप्पा, हे काय हाय?"

"कोंबडा."

"तुरा कुठंय?"

"हाय की. बारका हाय. वाकून बघा."

भगतानं पाणी शिंपडलं. बॉयलरनं चोचीवरचा थेंब पिऊन घेतला. परत शिंपडलं. तो खाली बसला. भगतानं चिडून अख्खा तांब्या ओतला. त्यानं डोळे मिटले.

"अप्पा, ह्यो झोपला."

मेव्हणी कमरेवर हात ठेवून पुढं आली. "दाजी, घरात ताईच्या हातचा कोंबडा आसताना देवाला दुकानातला माल दाखवता?"

"परवडतं ते दाखवलं."

"आवो, घरचा तर फुकट हाय!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बाभळीकडं बघितलं. मेव्हणी माझ्यापेक्षा हुशार. तिनं आम्ही निघायच्या आधीच आमच्या कोंबड्याला धरून आणून इथं डालग्याखाली ठेवलं होतं. डालगं उचललं आणि तो ऐटीत म्हसोबासमोर जाऊन उभा राहिला.

मी मनात म्हणालो, देवा, पाहिजे तर खडा परत घाल, पण ह्याला झाडू देऊ नको.

भगतानं पाणी शिंपडलं. कोंबड्यानं मान लांब केली. परत शिंपडलं. त्यानं एक पंख वर केला, खाली पाणी जावं म्हणून. भगतानं तांब्या ओतला, तर ह्यानं दुसरा पंख उचलला आणि अजून आहे का म्हणून भगताच्या तोंडाकडं बघत राहिला.

मुलगी एकदम हसायला लागली. "अप्पा, आई त्याला रोज दुपारी आंघोळ घालायची! फोनवर बोलता बोलता म्हणायची, थांब गं, कोंबड्याला पाणी घालते."

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी मी घोरत असायचो.

"ऊन लागतं म्हनून घालायची आसंल," मी म्हणालो.

मेव्हणी म्हणाली, "ऊन? दाजी, आख्ख्या गावाचे नवस ताईनं हितं उभं राहून फेडून घेतलेत. पान्याची सवय लागली की कोंबडा झाडत न्हाई, हे तिला म्हाईत न्हवतं व्हय?" आणि ती तिथंच दगडाशेजारी बसली, पदर तोंडाला लावून. हसत होती की रडत होती ते कळेना. "लबाड हुती. लहानपनापास्नं लबाड हुती."

खरं काय ते आता कुणाला विचारू? जिला विचारायचं ती नाही.

"पन भगत, तिचा शब्द?" मेव्हणीनं डोळे पुसून विचारलं.

भगत विचारात पडला. वाटण वाटून तयार होतं, भाकरी झाल्या होत्या, त्यालाही भूक लागली असणार. "शब्द पाळला की. कोंबडा आनला, देवानंच घेतला न्हाई. आता नारळ फोडा. ज्या दिशी झाडंल त्या दिशी परत आना."

मग मुलीचं पाकीट पातेल्यात गेलं. "ह्याच्यावर पानी मारायचं का?" मेव्हणीनं विचारलं. भगत म्हणाला, "त्याला इचारायला उशीर झालाय."

जेवताना भगताच्या तोंडात तुकडा न चावताच विरघळला. "हिंडलेली हाय म्हनता?"

"पाकिटावर लिहिलंय तसं," मुलगी म्हणाली.

"हिंडली आसंल. पन सावलीतनं."

तेव्हापासून दुपारी मी घोरत नाही. तांब्या घेऊन अंगणात जातो आणि कोंबड्याला आंघोळ घालतो. सवय मोडता कामा नये, मोडली तर म्हसोबा बोलावून घेईल. तो पंख वर करतो आणि झालं की माझ्या पायाला चोच मारतो. बॉयलरही घरीच आहे. त्याच्याही अंगावर दोन ओंजळी टाकतो. आधी नुसता बसून असायचा. मग कोंबड्याच्या मागं मागं दोन पावलं टाकायला लागला, पडायचा, परत उठायचा.

परवा पाणी पडल्यावर तो फाकलेल्या पायांवर नीट उभा राहिला, मान आत ओढली आणि अंग असं काही झाडलं की माझा चष्मा भिजला. मी आधी दाराकडं बघितलं. मेव्हणी आलेली नव्हती. कडी लावून घेतली.