चाळीस बाटल्या

एप्रिल आला की मी दोन वह्या वापरते. एक विद्यार्थ्यांच्या कामाची, एक माझ्या स्वतःच्या. दोन्ही सोमवारी सकाळी भरते आणि शुक्रवारपर्यंत निम्म्या ओळी पुढच्या आठवड्यात ढकलते. रसायनशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला प्रत्येकाला एक छोटा संशोधन प्रकल्प करावा लागतो. माझ्या वाट्याला दरवर्षी पाच-सहा जण येतात. त्यांना विषय ठरवून देणं, उपकरणांचे वार वाटून देणं, वह्या तपासून सह्या करणं आणि शेवटी 'हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झाले' या दाखल्याखाली नाव घालणं, ही माझी कामं.

नमुने गोळा करायला जाणाऱ्या मुलांना मी सूचनांचा एक कागद देते. त्यातली प्रत्येक सूचना कुणा ना कुणाच्या चुकीतून आलेली आहे. 'बाटलीवर नाव आधी लिहा' ही, ओल्या बाटल्यांवर मार्कर उमटेना म्हणून अकरा बाटल्या पाठ करून आणणाऱ्या मुलाची. 'बर्फाच्या पेटीत जेवणाचा डबा ठेवू नये' ही कुणाची ते मी विसरले, पण पेटीला आलेला लसणाचा वास विसरले नाही.

मी सांगतेय ती मुलगी गडहिंग्लजकडची. घरात कन्नड, बाहेर मराठी, वहीत नीटनेटकं इंग्रजी. कुरुंदवाडच्या पलीकडच्या एका गावात, उसाच्या पट्ट्यात, घराघरांतल्या आडांचं आणि बोअरचं पाणी किती जड आणि किती खारं आहे, खतातलं नायट्रेट त्यात किती उतरलंय, हे तिने मोजायचं होतं. चाळीस घरं, चाळीस बाटल्या. सांगलीच्या एका खासगी प्रयोगशाळेत तिला नोकरी ठरली होती. अट एकच, निकाल वेळेत लागला पाहिजे. प्रकल्प राहिला तर निकाल अडकणार आणि जागा दुसऱ्याला जाणार, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

जमा करायची तारीख दोन आठवड्यांवर आली असताना एका दुपारी मी तिच्या टेबलापाशी बसले. तपासायचं काही मनात नव्हतं. पाय दुखत होते आणि जवळची रिकामी खुर्ची तीच होती. ती जडपणा मोजत होती. यात पाण्याचा रंग आधी वाईनसारखा लाल असतो, वरून नळीतून थेंब थेंब द्रव सोडत गेलं की शेवटी निळा होतो. पाणी जितकं जड, तितके थेंब जास्त. तिने जेमतेम काही थेंब सोडले आणि पाणी निळं झालं. पुढची बाटलीही तशीच. त्यापुढचीही.

"सगळ्यांचं असंच आलंय?"

"हो मॅडम. छान पाणी आहे तिथलं."

त्या गावात मी एकदा हात धुतले होते. साबणाला फेस आला नव्हता.

"बाटल्या कुणी भरल्या?"

"मीच. म्हणजे, मी तिथेच होते."

"तिथे म्हणजे कुठे?"

"सोप्यात. चहा घेत होते. बाटली काकूंनी आत नेली."

"चाळीसही घरांत?"

"हो." तिने वही माझ्याकडे सरकवली. वहीत 'नमुना स्वतः घेतला' या रकान्यात चाळीस खुणा होत्या, आणि त्या खुणांच्या चारही पानांखाली माझी सही. प्रत्येक सही मी तारखेनिशी केली होती. विचारलं मात्र काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आम्ही दोघी एसटीने गेलो. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लागेना. गल्लीतल्या पहिल्याच घरी पन्नाशीची एक बाई गहू निवडत बसली होती. मुलीला पाहून तिने सूप बाजूला सारलं.

"आली का गं माघारी? बस की. ह्या कोन, आई काय?"

"मॅडम आहेत आमच्या."

"बसा की मॅडम. च्या टाकते."

मी चहाला नको म्हटलं नाही, वेळ वाया गेला असता. बाटलीतलं पाणी कुठलं होतं, एवढंच विचारलं.

"जारचं. फिल्टरचं हाय, चांगलं हाय."

"आम्हाला आडातलं हवं होतं."

"आडातलं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अवो, मचूळ हाय ते. जनावरं बी नाक मुरडत्यात. विद्यापीठात आमच्या घरचं पाणी जानार म्हटल्यावर मचूळ धाडायचं व्हय? गावाचं नाव जाईल की!"

"मावशी, ते मचूळ आहे हेच तर मोजायचं होतं."

"मग आदी बोलायचं न्हवं का! एवढी शिकलीय पोरगी, आनि तोंड उघडाय येत न्हाय." मग मुलीच्या पाठीवर थाप मारत ती म्हणाली, "आनि मी एकलीनंच न्हाय दिलं. समद्या गल्लीचं ठरलंतं. बोळातल्या म्हातारीकडं जार न्हवता, तिला मीच नेऊन दिलं."

म्हणजे निदान दोन बाटल्यांतलं पाणी एकाच जारमधलं होतं. बाकीच्यांची चौकशी आणखी चार घरी केली आणि थांबले. सगळीकडे तेच उत्तर, तोच चहा.

परतीच्या गाडीत ती मांडीवर वही उघडून बसली. जयसिंगपूर मागे पडल्यावर म्हणाली, "मॅडम, शीर्षक बदललं तर? 'घरगुती पिण्याचे पाणी' असं केलं, तर आकडे खरेच आहेत ना?"

मलाही तेच सुचलं होतं, आणि ते किती सोपं आहे हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एक अर्ज, विभागप्रमुखांची सही, आणि माझ्या वहीतली एक ओळ खोडली गेली असती. बाकीचे पाच प्रकल्प अर्धवट होते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी पडले होते, डोकं ठणकत होतं. हातकणंगल्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"कुठला जार, कुठला प्लँट, किती दिवसांचं पाणी, काही नोंद आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"आणि तक्त्यात चाळीस वेळा 'आड' किंवा 'बोअर' लिहिलंयस."

"ते खोडता येईल."

"येईल. खोडलेल्या वहीवर मी सही करणार नाही."

ती रडली नाही. ओढणीने तोंड पुसलं आणि विचारलं, "मग माझी नोकरी?"

"दिवस किती उरलेत?"

"बारा."

मी पर्स उघडून पेन काढलं. बायंडिंगला दोन, टायपिंगला तीन, मोजणीला तीन, नमुन्यांना दोन, आणि दोन काही ना काही बिघडेल म्हणून. या हिशेबात चौदा घरं बसत होती. नायट्रेटची चाचणी बसत नव्हती, ती काढून टाकली.

ती दोन दिवस गेली. बादली स्वतः ओढली, बोअरची मोटर चालू करून पाणी आधी वाहू दिलं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली. बायका तिला 'मचूळ पाण्याची पोरगी' म्हणायला लागल्या होत्या, असं तिने परत आल्यावर सांगितलं. या वेळी लाल रंग निळा व्हायचं नाव घेईना. मोजताना वरची नळी पुन्हा भरावी लागली. तिसऱ्या दिवशी वीज गेली, राखून ठेवलेल्या दोनपैकी एक दिवस तिथेच संपला.

अहवाल बारीक झाला. टाकून दिलेल्या चाळीस बाटल्यांबद्दल तिने एक परिच्छेद लिहिला होता, त्यात 'ग्रामस्थांच्या गैरसमजामुळे' असे शब्द होते. मी ते काढायला लावले. गावाने पाहुण्यांना चांगलं तेच दिलं होतं. विचारायचं आमचं राहिलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी अहवाल चाळला, परत पहिल्या पानावर आले.

"चौदाच नमुने? एवढ्यावर निष्कर्ष काय काढणार?"

"फार काढता येत नाही, सर. आधीचे चाळीस मी स्वतः घेतले नव्हते."

"आणि मार्गदर्शकांच्या लक्षात कधी आलं?"

"शेवटच्या टप्प्यात," मी म्हणाले. "सह्या मी आधीच केल्या होत्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गुण लिहिले. कमी दिले. त्यांच्या जागी मीही तेवढेच दिले असते. तिचा प्रथम वर्ग त्या गुणांपायी गेला. मी वाद घातला नाही, आणि तिनेही माझ्याकडे आशेने पाहिलं नाही.

निकाल वेळेत लागला. ती दाखल्याच्या प्रतीवर शिक्का घ्यायला आली तेव्हा मी नव्या सत्राचं वेळापत्रक लावत होते.

"रुजू कधी?"

"सोमवारी. द्वितीय वर्ग चालेल म्हणाले. पगार थोडा कमी देणार आहेत."

"काम काय?"

"नमुने आणायचं. फिरतीचं आहे."

मी शिक्का मारला. शाई फिकी उमटली, म्हणून पुन्हा मारला.