चहात बुडवलेला कंगवा

त्याला सगळे उस्ताद म्हणत आणि त्यालाही ते खरंच वाटे. कला काय, तर कालचा हस्तिदंत आठवड्याभरात शंभर वर्षांचा करून दाखवायचा! सरकारने हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आणली, पण जुन्या वस्तूंना सूट ठेवली. मग काय, बाजारात सगळं जुनंच मिळू लागलं. भाव तिप्पट झाले, जंगलात हत्ती पूर्वीपेक्षा भराभर पडू लागले आणि उस्तादाच्या मागल्या खोलीत काळ्या चहाचं पातेलं दिवसभर उकळू लागलं. दात कोरायचा, चहात मुरवायचा, चिरांत काजळी भरायची. माल न्यायला दुकानदार दारात उभाच.

"एवढ्याशा तुकड्यांनी हत्ती संपतात होय?" असं तो चारचौघांत विचारी. वर स्वतःच हसे. निर्लज्ज मेला!

पुढे कायदा आवळला. जुनी वस्तू नुसती घरात ठेवायची तरी दाखला हवा, नाहीतर जप्ती. उस्तादाच्या घरात खरोखर जुनी अशी एकच वस्तू होती. वडिलांनी लग्नाआधी आईसाठी स्वतः कोरलेला कंगवा. आई ऐंशीची, केस उरले मूठभर, पण रोज सकाळी तो कंगवा फिरवल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

"सांभाळून ने रे," दाखल्यासाठी कंगवा त्याच्या हाती देताना ती म्हणाली.

"अगं, यातलं मला नको शिकवूस."

मागल्या खोलीत त्याने कंगवा उजेडात धरला. जेमतेम पिवळसर. आपल्या मालापुढे हा अगदीच कोवळा दिसतो, याला जुना कोण म्हणेल? आणि साठ वर्षांचा कंगवा या दीडशहाण्याने पातेल्यात बुडवून जुना केला.

कचेरीतल्या तपासनीस बाईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कंगव्यावर फिरवला. बोळा तपकिरी झाला.

"चहा," त्या कंटाळून म्हणाल्या. "रोज चार येतात असे. कुणी केलाय हा?"

खरं सांगायचं तर पातेलं सांगावं लागलं असतं, मग मागली खोली, मग दुकानदार. उस्तादाने क्षणभरही विचार केला नाही.

"बाजारातून घेतला होता, बाई. फसवलं मेल्यांनी."

बापाच्या हातच्या कामाला त्याने स्वतःच्या तोंडाने खोटं ठरवलं आणि खाली सहीसुद्धा केली. जप्त माल नष्ट करायच्या, कचेरीच्या अंगणातल्या यंत्रात कंगव्याचा भुगा व्हायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.

"मिळाला का दाखला?" आईने दारातच विचारलं.

"नाही. पुरावा मागत होते. जुना असल्याचा पुरावा कुठून आणायचा?"

आई भिंतीला धरत धरत पलंगापाशी गेली. वर तिच्या लग्नाचा फोटो होता. नवरी किंचित वळलेली, अंबाड्यात खोचलेला तोच कंगवा, खाली कोपऱ्यात फोटोवाल्याच्या शाईतली तारीख.

"मग हा का नाही नेलास?"

उस्तादाला तो आठवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने केसांतून नुसती बोटं फिरवली आणि त्याने पुढ्यात ठेवलेला चहा तसाच परत सारला.