काचेच्या मधोमध

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस तसा शांत, पण साडूने काही नवं घेतलं की यांच्या पोटात दुखायला लागतं. साडू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. त्यांनी गाडीत कॅमेरा बसवला, तर यांनाही लगेच हवा.

"आरशामागे बसवतो," फिटर म्हणाला. "तुमच्या साडूंचाही तिथेच बसवलाय."

"मग आपला काचेच्या मधोमध. बाहेरून दिसायला नको?"

दिसला ना. त्या डबड्याआड यांनाच पुढचं दिसेना, आणि दाजींना कॅमेरा दाखवायला निघालेली आमची गाडी त्यांच्याच फाटकावर आदळली.

चूक फाटकाचीच, हे पटवायला यांनी सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग लावलं. चित्रात रस्ता होता आणि त्यावर यांचा आवाज: "साडू लेकाचा! घर मोठं, गाडी मोठी, डोक्यावरचे केससुद्धा अजून जागच्या जागी."

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. दाजी मात्र कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

"साडूभाऊ," शेवटी ते पडेल आवाजात म्हणाले, "आमच्या कॅमेऱ्यात आवाज येत नाही हो."

चेपलेली गाडी घेऊन घरी येताना हे शीळ घालत होते.