न धुतलेला दुपट्टा

“म्याडम, मी बाहीरच बसतो. आत नाई येत.”

अर्चना व्हरांड्यातल्या खांबाला चिकटून उभी होती. तेव्हा मी आठवड्यातून एकदा चंद्रपूरहून मूल या तालुक्याच्या गावी मानसोपचाराच्या ओपीडीसाठी जायचे. गोळ्या डॉक्टर द्यायचे, बोलून उपचार करणं माझं काम. अर्चनाला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली होती. ट्रेनिंग जवळ आलं होतं आणि चार माणसांनी पाहिलं तरी तिचा आवाज बंद व्हायचा. आम्ही याला सोशल अँग्झायटी म्हणतो. लोक आपल्याला पाहतात, हसतात, अशी सतत धास्ती. त्यात उदासी. जेवणही सुटलं होतं.

यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर. ज्याची भीती वाटते, त्याला थोडं थोडं सामोरं जायचं. आधी माझ्याशी बोलायचं, मग केमिस्टशी, मग बाजारात. अर्चना माझ्याशीच बोलेना.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिचे वडील लहानूभाऊ तिला घेऊन थेट बांधीतून, चिखलाच्या शेतातूनच आले. खांद्यावरचा घामानं भिजलेला दुपट्टा माझ्यासमोरच्या खुर्चीवर टाकून चहाला गेले. अर्चनानं तो ओढून नाकाशी धरला, त्याच खुर्चीत बसली. आणि बोलायला लागली. हळू, पण सलग. मी पेन खाली ठेवला.

पुढच्या खेपेला आईनं दुपट्टा स्वच्छ धुऊन दिला. अर्चना पुन्हा गप्प.

“काऊन गं?”

“साबणाचा वास येते याले. बाबाचा नाई.”

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “ही कुबडी आहे. सवय लागली तर?”

“सर, आधी चालू तर द्या.”

“काढायची जबाबदारी तुमची.”

लहानूभाऊ संकोचले. “बाई, घामाचा दुपट्टा पोरीच्या अंगावर बरा दिसते का?”

“तिले बरं वाटते ना, भाऊ?”

 त्यानंतर मात्र आईनं बादलीत टाकायच्या आधी लहानूभाऊ स्वतःच दुपट्टा उचलून आणायचे.

तो गळ्यात घालून अर्चना केमिस्टकडे गेली. बाजारात वांग्यांचा भाव विचारून आली. मग दुपट्टा पिशवीत, मग घरी. हे काढणं जड गेलं. एकदा बसस्टँडवरून रडत परतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेवटी ट्रेनिंगला एकटी गेली.

मी रिटायर झाले. एकदा नागभीडला खच्चून भरलेल्या बसमध्ये चढले.

“ओ बाई, दारात नका उभ्या राहू, मांगं सरका!”

अर्चना! मला ओळखून ती हसली. मशीनमधून तिकीट काढता काढता हळूच म्हणाली, “बाबा गेले, म्याडम.” तिचे डोळे भरले. तेवढ्यात मागून कुणीतरी थांबा विचारला, तर त्याला खणखणीत उत्तर दिलं.

आता म्हणे माणसाच्या घामाचा वास अशा उपचाराला मदत करतो का, हे शास्त्रज्ञ तपासून पाहतायत. पाहोत. अर्चना वासानं बरी झाली असं मी म्हणणार नाही. उपचारानं झाली. वासानं तिला उपचाराच्या खुर्चीत बसतं केलं, आणि आमच्या कामात निम्मी लढाई तिथंच असते.