चिखलाचा वास

कोलशेतला बंद पडलेल्या रसायनांच्या कारखान्याची जागा साफ करून तिथे बाग करायला सरकारी निधी मिळाला, तेव्हा मी त्या कामावर ओव्हरसियर होतो. रोज ओहोटीला एक म्हातारा कोळी यायचा. कुंपणाबाहेर उकिडवा बसून खाडीकाठचा मूठभर चिखल उचलायचा, नाकाशी धरायचा आणि हात धुऊन निघून जायचा.

विषारी मातीचा शेवटचा डंपर गेला त्या दिवशी मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "बाबा, आता कसलाच वास नाही."

"तेच तं, साहेब," तो म्हणाला. "आमचे चिखलाला कुजका वास यायचा. तवा त्यात चिंबोऱ्या असायच्या, हे मोठाले खेकडे."

मग जागेवर लाल माती पडली, गुलाब लागले. निधी तेवढ्यापुरताच होता. खाडीकाठ कामात धरलेलाच नव्हता. म्हातारा यायचा थांबला. त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

आता बऱ्याच वर्षांनी ओहोटीला कधीमधी बागेत खाडीकडून कुजका वास येतो. लोक नाकाला रुमाल लावून बाकांवरून उठतात. मीही उठतो, कुंपणापाशी जातो, तो म्हातारा आलाय का बघायला.